"थापा ४७, १/५, भात": आजोबांच्या ट्रंकेतला फोटो आणि पाचव्या गुरखा पलटणीचा शोध

सावित्रीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळा वाचनमात्र असते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण घरात विचारण्यासारखं आता कुणी उरलेलं नाही.

माझे आजोबा (वडिलांचे वडील) पोलादपूर तालुक्यातले. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, १/५ मराठा लाइट इन्फंट्री. इटलीला जाऊन आले. मी नऊ वर्षांची असताना गेले. गणपतीत माळ्यावर ठेवलेली त्यांची काळी पत्र्याची ट्रंक खाली काढली. वर घोंगडी, तिच्याखाली डिस्चार्जचा कागद, दोन पदकं आणि जुन्या पंचांगात जपून ठेवलेला एक फोटो.

फोटोत एक बुटका, रुंद खांद्यांचा जवान आहे. तिरकी टोपी, टोपीचा पट्टा हनुवटीखाली नसून खालच्या ओठाच्या जरा खाली. डोळे बारीक करून हसतोय. मागे एक दगडी भिंत आहे आणि तिच्यावर पानं झडलेली द्राक्षाची वेल. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने देवनागरीत तीन ओळी:

थापा ४७
१/५
भात

घरात समज असा की हा आजोबांच्याच पलटणीतला कुणी, कारण १/५ म्हणजे मराठा. आणि ४७ म्हणजे १९४७ साल. पण आजोबा १९४६ च्या शिमग्याला कायमचे घरी आलेले होते, मग ४७ सालचा फोटो त्यांच्याकडे कुठून येणार? शिवाय मराठा पलटणीत थापा कसा? "भात"चा तर काहीच उलगडा होत नाही.

हा माणूस कोण, कुठल्या पलटणीतला, पुढे त्याचं काय झालं, हे मला शोधायचं आहे. सुरुवात कुठून करू?

---

अंजनवेल

फोटो आणि टोपीच्या पट्ट्याचं वर्णन वाचून गुरखाच वाटतो. तुमच्या आजोबांची पलटण म्हणजे यशवंत घाडग्यांचीच ना? माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले. आमच्याकडे त्यांचा पुतळा आहे म्हणून विचारलं.

---

निवृत्त_फौजी

अंजनवेल, एक छोटी दुरुस्ती. नाईक यशवंत घाडगे ३/५ मराठाचे, म्हणजे रेजिमेंट तीच पण बटालियन तिसरी. ती १० व्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. धागाकर्तीचे आजोबा १/५ चे, म्हणजे आजची "जंगी पलटण". ती ८ व्या इंडियन डिव्हिजनमध्ये. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच १/५ चे.

आता मूळ प्रश्न. सावित्रीकाठ, मी बावीस वर्षं गोरखा रायफल्समध्ये काढली आहेत, त्यामुळे तुमचा धागा बघून राहवलं नाही. उत्तर बरंचसं तुमच्या दुसऱ्याच ओळीत आहे. त्या काळी हिंदी लष्करात "१/५" नावाच्या दोन पलटणी होत्या, आणि दोन्ही त्याच ८ व्या डिव्हिजनमध्ये! एक १/५ मराठा, २१ व्या ब्रिगेडमध्ये. दुसरी १/५ रॉयल गुरखा रायफल्स (फ्रंटियर फोर्स), १७ व्या ब्रिगेडमध्ये. लिहिताना पहिला आकडा बटालियनचा, दुसरा रेजिमेंटचा. पाचवी मराठा आणि पाचवी गुरखा ही दोन वेगळी घराणी, योगायोगाने आकडा एक.

आणि ४७ हे साल नव्हे. गुरखा पलटणीत एका कंपनीत पंधरा-वीस थापा, तेवढेच गुरुंग, तेवढेच राणा. नावंही तीच ती, धनबहादुर, मानबहादुर, कर्णबहादुर. मग हाक मारायची कशी? सैनिक क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांनी. आमच्याकडे आजही हीच पद्धत आहे. माझा रेडिओ ऑपरेटर मला शेवटपर्यंत "सोळा"च होता. त्याचं पूर्ण नाव मी त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर पहिल्यांदा नीट वाचलं. तर तुमच्या फोटोतला माणूस "सत्तेचाळीस थापा", म्हणजे ज्याच्या क्रमांकाच्या शेवटी ४७ आहे तो.

---

सावित्रीकाठ

निवृत्त_फौजी सर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. इतकी वर्षं आम्ही जे साल समजत होतो ते त्या माणसाचं नाव निघालं. अंगावर काटा आला.

या पाचव्या गुरखाबद्दल सविस्तर सांगाल का? मला गुरखा म्हटलं की फक्त खुकरी माहीत आहे.

---

निवृत्त_फौजी

सांगतो. माझी स्वतःची रेजिमेंट वेगळी, पण पाचवीबद्दल आम्हा सगळ्यांनाच आदर.

ही पलटण १८५८ मध्ये पंजाबच्या हजारा भागात उभी राहिली. त्या वेळचं नाव २५ वी पंजाब इन्फंट्री किंवा हजारा गुरखा बटालियन. १८६१ मध्ये "पाचवी गुरखा" झाली, १९०१ मध्ये गुरखा रायफल्स, १९०३ मध्ये त्यापुढे "फ्रंटियर फोर्स", १९२१ मध्ये "रॉयल". नावांची ही साखळी आधी वहीत लिहून घ्या, कारण जुना कागद हाती आला की त्यावर यातलं कुठलंही नाव असू शकतं. घर ॲबटाबाद. सुमारे नव्वद वर्षं तिथेच. दुसऱ्या अफगाण युद्धात पेइवार कोतल, काबूल, मग कंदाहारची कूच. १९१५ मध्ये पहिली बटालियन गॅलिपोलीला. एव्हरेस्टच्या १९२२ च्या मोहिमेचा नेता जनरल ब्रूस हा याच रेजिमेंटचा.

दुसऱ्या महायुद्धात पहिल्या दोन बटालियनांच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या. २/५ ब्रह्मदेशात. फेब्रुवारी १९४२ मध्ये सित्तांग नदीवरचा पूल आपल्याच बाजूने उडवला तेव्हा पलीकडे अडकलेल्यांत ही पलटण होती. तीच १९४४ मध्ये मणिपुरातल्या बिष्णुपूरला उभी राहिली, आणि २५-२६ जूनच्या लढाईत तिच्या दोन जवानांना, सुभेदार नेत्रबहादुर थापा (मरणोत्तर) आणि नाईक अगनसिंग राई यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी मे १९४३ मध्ये हवालदार गजे घले. इटलीत १/५ चा रायफलमन थमन गुरुंग, १० नोव्हेंबर १९४४, मोंते सान बार्तोलो. आपल्या सेक्शनला मागे फिरता यावं म्हणून तो एकटा उघड्या माथ्यावर उभा राहून गोळीबार करत राहिला, आणि तिथेच गेला. एका रेजिमेंटला एका युद्धात चार.

इटलीतलं महत्त्वाचं म्हणजे सांग्रो नदीच्या लढाईतलं मोत्साग्रोन्या गाव (नोव्हेंबर १९४३ ची अखेर, घराघरांतली रात्रीची लढाई) आणि कासिनोच्या पायथ्याशी गारी नदीवरचं सांत-आंजेलो, जे १/५ गुरखाने १३ मे १९४४ ला घेतलं. तुमच्या आजोबांची ब्रिगेडही याच डिव्हिजनची. त्या डिव्हिजनचं सगळं युद्धच एका नदीमागून दुसरी नदी असं होतं.

---

सावित्रीकाठ

सर, आजोबा हेच म्हणायचे! "नदी उतरलो की पुढं नदी. आपली सावित्री बरी, एकदा उतरली की घर." मी लहान होते, मला वाटायचं गोष्ट सांगतायत.

---

थेम्सकाठची

मी लंडनमध्ये असते. माझ्या पणजोबांच्या शोधात दोन वर्षं क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि ब्रिटिश लायब्ररीत घालवली आहेत. कुठे काय मिळतं आणि कुठे वेळ फुकट जातो, ते सांगते.

सगळ्यांचा पहिला समज असतो की आजोबांची फाइल लंडनला असेल. नसते. हिंदी लष्करातल्या साध्या जवानांच्या सेवानोंदी (शीट रोल) त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडेच राहिल्या. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे लष्करी कागद ढिगाने आहेत, पण माणसागणिक नोंदी बघाल तर त्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या.

क्यूला मिळते ती युद्ध-डायरी. प्रत्येक बटालियन दर महिन्याला लिहायची. पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत आणि संगणकावर बघता येतात. ब्रह्मदेशाच्या बाजूच्या, दुसऱ्या युद्धातल्या, डब्ल्यूओ १७२ मध्ये. दुसऱ्या युद्धाचं बरंचसं अजून प्रत्यक्ष जाऊन, फोल्डर मागवूनच बघावं लागतं. वाचक-कार्ड काढायला पत्त्याचा पुरावा लागतो, पेन्सिलच चालते, फोटो मात्र हवे तेवढे काढू देतात.

पण मनाची तयारी करून जा. डायरीत तारीख आहे, हवामान आहे, नकाशाचे आकडे आहेत, कुठला कॅप्टन रजेवर गेला तेही आहे. जवान मेला तर बहुतेक वेळा एक आकडा आणि पुढे "जीओआर", म्हणजे गुरखा अदर रँक्स. नाव नाही. अधिकारी जखमी झाला तरी नावानिशी, जवान गेला तर मोजणीत. पहिल्या दिवशी मी ते पानामागून पान बघत होते आणि संध्याकाळी बाहेर येऊन बाकावर बसून राहिले. पाचव्या गुरखाचा छापील इतिहासही आहे, दोन भागांत, १८५८ ते १९२८ आणि १९२९ ते १९४७. जरूर वाचा, लढाया समजायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण त्यातही साहेबच जास्त भेटतील.

जवानाचं नाव मिळण्याच्या जागा दोनच. एक, शौर्यपदक मिळालं असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ते घरबसल्या फुकट बघता येतं. आणि दुसरी, सांगायला जीवावर येतं, तो गेला असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाचं संकेतस्थळ.

---

सावित्रीकाठ

थेम्सकाठची, तुम्ही शेवटचं वाक्य का अडखळत लिहिलंत ते कळलं. म्हणजे मी त्याचं नाव शोधायला जाणार आणि ते सापडू नये अशीही इच्छा करणार.

---

थेम्सकाठची

हो, तसंच आहे ते. तरीही बघा. तिथे रेजिमेंट निवडा, देश इटली निवडा. हुद्दा "रायफलमन" घाला, "सिपॉय" घातलंत तर गुरखे येणारच नाहीत, कारण गुरखा रायफल्समधला जवान रायफलमन. नाव घालूच नका. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेलं स्पेलिंग असतं. मानबहादुर एका शब्दात, दोन शब्दांत, कधी "मन" कधी "मान". आडनावालाही भुलू नका, थापाची नोंद कधी कधी नुसती पहिल्या नावाने असते. क्रमांक हा एकच धागा पक्का. पूर्ण यादी उतरवून घ्या आणि ४७ वर संपणारे क्रमांक बघा.

नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव असतं. नेपाळचा जिल्हा मात्र जुन्या पद्धतीने "पश्चिम नंबर ४" असा लिहिलेला. मला पहिल्यांदा तो घराचा नंबर वाटला होता.

आणि नुसती कबर शोधू नका. बरेच हिंदू जवान अग्नीला दिले. त्यांची नावं सांग्रो नदीच्या दफनभूमीत, रिमिनीच्या गुरखा दफनभूमीत वेगळ्या दहन-स्मारकांवर आहेत. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही ते कासिनोच्या स्मारकावर.

---

लिपीवेडा

मला लष्करातलं काही कळत नाही, पण अक्षरांचं कळतं. फोटोच्या पाठीचा जवळून काढलेला फोटो डकवता का? विशेषतः "१/५" मधला पाच.

---

सावित्रीकाठ

[छायाचित्र]

डकवला. त्या पाचाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आम्हाला तो वर्षानुवर्षं नीट लागतच नव्हता. वडील म्हणायचे पेन्सिल सरकली असेल.

---

लिपीवेडा

पेन्सिल सरकलेली नाही. तो नेपाळी वळणाचा ५ आहे. देवनागरी आपली आणि त्यांची एकच, पण ५, ८, ९ हे आकडे आणि झ सारखं एखादं अक्षर नेपाळीत वेगळ्या वळणाने लिहितात. जुनी नेपाळी छपाई बघा, लगेच दिसेल.

आता तिसरी ओळ बघा. "भात" मधला भ आणि त वेगळ्या हाताचे आहेत. पेन्सिलही जास्त दाबलेली, शिरोरेघ एका झटक्यात ओढलेली. डिस्चार्जच्या कागदावर आजोबांची मराठी सही असेल तर ताडून पाहा.

माझं मत असं: पहिल्या दोन ओळी थापाने स्वतः लिहिल्या, आणि "भात" आजोबांनी.

---

सावित्रीकाठ

सही ताडून पाहिली. आजोबांच्या नावात भ आहे. तोच भ.

त्या माणसाने स्वतःच्या हाताने आकडा घालून फोटो दिला. आता हे नुसतं कुतूहल राहिलेलं नाही.

---

अनघा_पु

इतका सुंदर धागा चाललाय म्हणून एक मनातलं लिहिते, राग मानू नका. गुरखा म्हटलं की आपण व्हिक्टोरिया क्रॉस आणि खुकरी यांवरच येतो. सगळे शूर, सगळे हसरे, सगळे निष्ठावान. साहेबाने लिहिलेलं हेच चित्र आपण पुढे चालवतो. मी पोखऱ्यात चार महिने कामाला होते. तिथे भारतीय दूतावासाचं पेन्शन कार्यालय आहे. पेन्शनच्या दिवशी डोंगरातून उतरून आलेल्या म्हाताऱ्या बायका सकाळपासून ओळीत बसलेल्या पाहिल्या आहेत. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं पुस्तक. पलटणीचा इतिहास त्या पिशवीतही आहे. थापा ४७ चं घर शोधायचं असेल तर लंडनपेक्षा तिथे विचारा. पोखऱ्यात गुरखा स्मृती संग्रहालयही आहे.

---

निवृत्त_फौजी

अनघा_पु, राग कसला? खरं आहे. मी माझ्या जवानांच्या घरी गेलोय, मोटार थांबते तिथून दीड दिवस चालत. ज्या घरातून तीन पिढ्या आमच्या पलटणीत आल्या, त्या घरातून आता कुणी येत नाही. २०२२ पासून नेपाळमधून भरती थांबली आहे. मला ते फार लागतं, पण तो विषय इथे नको.

सावित्रीकाठ, शोधासाठी एक अगदी महत्त्वाचं राहिलं. स्वातंत्र्याच्या वेळी दहा गुरखा रेजिमेंट होत्या. नोव्हेंबर १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार २, ६, ७ आणि १० ब्रिटनकडे गेल्या. १, ३, ४, ५, ८ आणि ९ भारताकडे राहिल्या. पाचवी आपल्याकडे आली. ॲबटाबादचं घर मात्र पाकिस्तानात गेलं. नंतर नावातलं "रॉयल" गेलं, गुरखाचं गोरखा झालं. आज ५ आणि ८ या दोन्ही गोरखा रेजिमेंटचं केंद्र शिलाँगला, ५८ गोरखा ट्रेनिंग सेंटर. म्हणून पत्र विंचेस्टरच्या गुरखा संग्रहालयाला लिहायचं तर लिहा, पण त्याआधी शिलाँगला लिहा. आजोबांच्या कागदांसाठी बेळगावच्या मराठा केंद्राला.

१९७१ मध्ये आटग्रामला खुकरी घेऊन तुटून पडलेली आणि नंतर ७ डिसेंबरला मी-४ हेलिकॉप्टरांतून सिल्हेटपाशी उतरवलेली ४/५ गोरखा हीच. तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर, महावीर चक्र. आपल्यातल्या फार थोड्यांना हे नाव ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

सावित्रीकाठ

पत्रं टाकली. शिलाँगला आणि बेळगावला, दोन्हीकडे फोटोची प्रत जोडून. त्याआधी एका ठिकाणी ईमेल केला होता, त्याला दोन महिने उत्तर नाही, म्हणून या वेळी कागदावर लिहून रजिस्टरने पाठवलं.

युद्धस्मशान आयोगाची यादीही उतरवून घेतली. रात्री जेवणं उरकली की बसते. भराभर आकडे बघत जायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. प्रत्येकाचं गाव वाचलं जातं. वय एकोणीस, वय वीस. मग वीसेक नावं झाली की बंद करते.

---

सावित्रीकाठ

तीन आठवड्यांनी परत येतेय. शिलाँगहून अजून काही नाही. पण "भात" सापडला.

दिवाळीला महाडच्या आत्याकडे गेले होते. आत्या ८४ वर्षांची, ऐकू कमी येतं, म्हणून तिला कुणी विचारलंच नव्हतं. फोटो हातात दिला. चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हा तर पत्रवाला."

आजोबांना घरून पत्र गेलेलं, पावसाळ्यात टाकलेलं. १/५ एवढं बघून ते दुसऱ्या पाचवीत जाऊन पडलं. तिथे कुणालाच आजोबांचं नाव लागेना. या थापाला अक्षर वाचता यायचं. त्याने पत्र उघडलं, बघतो तर आपलीच अक्षरं आणि भाषा निराळी. आत पणजीने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, की भात लावून झाला, पाऊस चांगला आहे, काळजी करू नये. बाकी काही कळलं नाही, पण "भात" कळला, कारण त्यांच्यातही भातच म्हणतात. त्याला वाटलं, कुणाची तरी आई पोराला भाताबद्दल विचारतेय.

मग विचारत विचारत तो मराठ्यांच्या छावणीत आला. एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात डब्यात भात, वर डाळ. आजोबा आमचे कोकणातले, आणि कितीतरी दिवस चपात्या खात होते. आत्या म्हणाली, "बाबा सांगायचे, मी पत्र नंतर वाचलं, आधी भात खाल्ला. तो समोर बसून बघत होता."

आत्याला नाव विचारलं. म्हणाली, "नाव कुठलं? बाबा त्याला सत्तेचाळीस म्हणायचे."